चार्टिस्ट की रिफॉर्म लीग? प्रोजेक्टला काय घ्यायचं

ब्रिटनमधली मतदान हक्काची चळवळ हा विषय आलाय आणि त्यातलं एकच प्रकरण निवडायचंय? मग गाडी बहुतेक या दोघांपाशीच अडते. माझं विचाराल तर चार्टिस्ट घ्या, पण सबमिशन पुढच्या आठवड्यात असेल तर अजिबात नको.

चार्टिस्ट म्हणजे 1838 च्या 'पीपल्स चार्टर'वाले. मागण्या सहा. 21 वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना मत, गुप्त मतदान, सारखे मतदारसंघ, खासदारांना पगार, उमेदवारीला मालमत्तेची अट नको आणि दरवर्षी नवीन संसद. शेवटची सोडून बाकी सगळं पुढे झालंच, पण तोवर चळवळ कधीच संपली होती. 1839 ला जवळपास 13 लाख सह्यांचा अर्ज, 1842 ला 33 लाखांच्या आसपास, दोन्ही वेळा संसदेनं वाटाण्याच्या अक्षता लावल्या. 1848 ला चळवळीचा नेता ओ'कॉनर म्हणाला 57 लाख, कारकुनांनी मोजल्या तर भरल्या साधारण 19 लाख आणि त्यात चक्क व्हिक्टोरिया राणीची खोटी सही! सगळ्यांनी खिल्ली उडवली, आणि त्या नादात उरलेल्या 19 लाखांचं काय हे कुणी विचारलंच नाही, मला तर हेच सगळ्यात जास्त खटकतं.

माणसं पण एकेक भारी आहेत. शांतपणे समजावू म्हणणारा लव्हेट, सभा गाजवणारा ओ'कॉनर, आणि विल्यम कफे, लंडनचा कृष्णवर्णीय शिंपी, बाप एकेकाळी गुलाम, याला 1848 ला पकडून टास्मानियाला धाडलं. ओ'कॉनरच्या 'नॉर्दर्न स्टार' पेपरचे अंक ऑनलाइन फुकट आहेत, एकदा उघडलात की रात्र गेली समजा.

रिफॉर्म लीग त्यामानाने आटोपशीर. कामगारांनाही मत मिळावं म्हणून 1865 ला सुरू झालेली संघटना, जुलै 1866 ला यांच्या सभेसाठी लंडनच्या हाइड पार्कचं गेट बंद केलं तर गर्दीनं रेलिंगच पाडलं, मे 1867 ला बंदी असताना सभा घेतली, सरकारला काही करता आलं नाही, गृहमंत्री वॉलपोलला राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी मतदानाचा हक्क वाढवणारा कायदा झाला आणि इंग्लंड-वेल्समधले मतदार 10 लाखांवरून 20 लाखांच्या घरात गेले. पंधरा पानांत छान बसतं. फक्त 'रेलिंग पडलं म्हणून कायदा झाला' असं ठोकून देऊ नका, कायदा आणणाऱ्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारमधल्या डिझरायलीला विरोधी लिबरल पक्षाच्या ग्लॅडस्टनवर कुरघोडी पण करायची होती, व्हायवाला नेमकं इथंच पकडतात. शिवाय शेतमजुरांना मतासाठी 1884 पर्यंत थांबावं लागलंच.

बायकांच्या मताबद्दल लिहायचं असेल तर दोन्ही सोडा. 1866 ला साधारण 1500 बायकांच्या सह्यांचा अर्ज विचारवंत-खासदार जॉन स्टुअर्ट मिलनं संसदेत नेला, पुढच्या वर्षी बायकांनाही मत द्या ही त्याची कायद्यातली दुरुस्ती 73 विरुद्ध 196 नं पडली, हा तिसराच विषय आहे आणि छोटा म्हणून सोपा पण.

आणि गाईड 'याचा भारताशी काय संबंध' विचारणाऱ्यांतले असतील तर लीगचा फायदा आहे, कारण मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकवलेले दादाभाई नौरोजी 1892 ला लंडनच्या फिन्सबरीतून अगदी बोटावर मोजण्याइतक्या मतांनी खासदार झाले, ते 1867 आणि 1884 ला वाढलेल्या याच मतदार यादीवर.