फान मांडर आणि हाउब्राकेन : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आठ महिने रोजच्या कामात दोन पुस्तकं उघडी होती. कारेल फान मांडरचं 'हेट स्खिल्डर-बूक' (हारलेम, 1604) आणि आर्नोल्ड हाउब्राकेनचं 'डी ग्रोटे स्खाउबुर्ख' (तीन खंड, 1718 ते 1721). दोन्हींत चित्रकारांची चरित्रं आहेत. डच चित्रकारांबद्दल आज जे काही ऐकायला मिळतं, त्यातलं बरंचसं या दोन झऱ्यांतून आलेलं आहे. एवढ्या वापरानंतरचं मत असं की 'हा लेखक विश्वासार्ह की नाही' हा प्रश्नच इथे कामाचा नाही. एकाच चरित्रात एक वाक्य साफ चुकतं आणि त्याच्या पुढचं वाक्य दस्तऐवजाशी तंतोतंत जुळतं. म्हणून प्रत्येक वाक्य सुटं करून, ही माहिती लेखकाला कुठून मिळाली असेल, हे विचारत जायचं.

हाउब्राकेनने लिहिलेलं रेम्ब्रांटचं चरित्र घ्या. जन्म 15 जून 1606, असं तो म्हणतो. लायडन शहराचं वर्णन लिहिणारा ऑर्लर्स 1641 मध्ये, म्हणजे रेम्ब्रांट हयात असताना, त्याच वर्षातली 15 जुलै ही तारीख देतो. बायको रान्सडॉर्पकडची शेतकऱ्याची पोर, असं हाउब्राकेन लिहितो. प्रत्यक्षात सास्किया लेवार्डनच्या नगराध्यक्षाची मुलगी. मृत्यूचं साल 1674 दिलंय, आणि रेम्ब्रांट गेला 4 ऑक्टोबर 1669 ला. पाच वर्षांचा फरक! इथवर आल्यावर पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं. पण त्याच चरित्रात तो सांगतो की रेम्ब्रांटने शिष्यांसाठी एक वखार भाड्याने घेतली होती आणि कागदाचे किंवा कापडाचे आडोसे घालून प्रत्येकाला वेगळी खोली करून दिली होती. आता 1658 चा रेम्ब्रांटच्या घरविक्रीचा कागद पाहा: माळ्यावर शिष्यांसाठी घातलेले आडोसे काढून नेण्याची मुभा त्यात नोंदलेली आहे. जागा वेगळी, पद्धत तीच. कारण उघड आहे. हाउब्राकेन हा सॅम्युएल फान होखस्ट्राटेनचा शिष्य आणि होखस्ट्राटेन रेम्ब्रांटचा. कार्यशाळेतल्या गोष्टी गुरूकडून शिष्याकडे तोंडी आल्या. तारखा आणि घरची माहिती तशी आली नाही. हाउब्राकेन वाचताना ही गुरुपरंपरा हाताशी असेल तर निम्मं काम सोपं होतं.

फान मांडर वेगळ्या रीतीने वापरावा लागतो. पुस्तकाचे सहा भाग आहेत: सुरुवातीला चित्रकलेवरचं दीर्घ पद्य, मग प्राचीन चित्रकार (रोमन लेखक प्लिनीच्या आधारे), इटालियन चित्रकार (बहुतांशी इटालियन चरित्रकार वासारीच्या आधारे), मग नेदरलँडिश आणि जर्मन चित्रकार, शेवटी रोमन कवी ओव्हिडच्या काव्याचं विवरण आणि रूपकांची माहिती. कामाचा भाग चौथा. पानांना क्रमांक नाहीत, पत्रांना (दोन्ही बाजू मिळून एका कागदाला) आहेत. म्हणून संदर्भ देताना पत्रक्रमांक आणि पुढची की मागची बाजू, दोन्ही लिहावं. नाहीतर दुसऱ्याला तो मजकूर सापडत नाही.

तेलरंगाचा शोध यान फान आयकने 1410 मध्ये लावला, हे फान मांडरचं विधान सोडून द्यायचं. तेलात रंग कालवण्याची कृती त्याच्या कितीतरी आधीच्या लिखाणात आहे. पण एखादं चित्र कुठे होतं, त्याचं काय झालं, हे तो सांगतो तेव्हा लक्ष देऊन वाचावं. चित्रकार खेर्टखेन टॉट सिंट यान्सने हारलेमच्या सेंट जॉन धर्मसंघासाठी मोठं वेदीचित्र केलं होतं. मधला भाग आणि एक पंख (बाजूची फळी) मूर्तिभंजनात, म्हणजे चर्चमधल्या मूर्ती-चित्रांच्या तोडफोडीत, किंवा शहराला पडलेल्या वेढ्यात नष्ट झाला, उरलेला पंख करवतीने दोन फळ्यांत चिरला आणि त्याची दोन चित्रं झाली, असं फान मांडर लिहितो. त्या दोन्ही फळ्या आज व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहेत. फान मांडर हारलेममध्ये राहत होता, त्यामुळे हारलेमबद्दल तो असा हात लावून पाहिल्यासारखं लिहितो. हे वाचताना फार समाधान मिळतं.

आता अडचणी. दोन्ही पुस्तकांचा मूळ मजकूर डीबीएनएल या डच साहित्याच्या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट आहे, पण आधुनिक स्पेलिंगने शोधलं तर हाती काही लागत नाही. सी आणि के, एई आणि दुहेरी ए, वाय आणि आयजे यांची अदलाबदल करून प्रत्येक नाव तीन-चार प्रकारे टाकून पाहावं. रेम्ब्रांटच्या नावात डी नसतो. चित्रकार बॉस हा 'येरोनिमुस बॉस' म्हणून सापडतो. स्कॅन केलेल्या प्रतीत लांब एस (जुन्या छपाईतला ſ) हा एफ म्हणून वाचला जातो, तेही धरून चालावं. महिन्यांची जुनी नावं कागदावर लिहून समोर ठेवा: झोमरमांड म्हणजे जून, होइमांड म्हणजे जुलै, स्लाख्टमांड म्हणजे नोव्हेंबर. पैशांच्या बाबतीत 1 गिल्डर म्हणजे 20 स्टायव्हर, आणि 1 फ्लेमिश पौंड म्हणजे 6 गिल्डर. पौंड म्हटला की इंग्लिश पौंड समजण्याची चूक हमखास होते.

डच येत नसेल तर फान मांडरसाठी हेसेल मीडेमाची सहा खंडांची आवृत्ती (1994 ते 1999) घ्यावी. पहिल्या खंडात मूळ आणि इंग्रजी भाषांतर आहे, पुढचे टीपांचे. त्यात फक्त नेदरलँडिश आणि जर्मन चित्रकार आहेत. इटालियन भाग हवा असेल तर दुसरीकडे जावं लागतं. हाउब्राकेनचं हेंड्रिक हॉर्नने केलेलं इंग्रजी भाषांतर हेगच्या आरकेडी या कला-इतिहास संस्थेने 2021 मध्ये ऑनलाइन मोफत दिलं. त्याच्या टीपा वाचल्याशिवाय एकही तारीख उचलू नये.

या पुस्तकांत एखादा चित्रकार नाही, यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. ब्लेइस्वाइकच्या 1667 च्या डेल्फ्ट शहराच्या वर्णनात चित्रकार कारेल फाब्रिटियसच्या मृत्यूवर आर्नोल्ड बॉनची कविता आहे. शेवटच्या कडव्यात डेल्फ्टचा चित्रकार फेर्मेर याचं नाव येतं. हाउब्राकेनने ती कविता उद्धृत केली आणि नेमकं तेच कडवं गाळलं. हाउब्राकेनच्या डेल्फ्टच्या चित्रकारांच्या यादीत फेर्मेरचं नाव आहे, चरित्र मात्र नाही. चित्रकार फ्रान्स हाल्सचंही असंच: फान मांडरच्या 1604 च्या आवृत्तीत तो नाही, पण 1618 च्या दुसऱ्या आवृत्तीला जोडलेल्या फान मांडरच्या निनावी चरित्रात शिष्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. म्हणून फक्त पहिली आवृत्ती पाहून थांबू नका.

अशाच बाकीच्या चरित्रसंग्रहांबद्दल थोडक्यात. डी बीचं 'हेट गुल्डेन काबिनेट' (अँटवर्प, 1662) व्यक्तिचित्रांसाठी ठेवावं, त्यातलं स्तुतिकाव्य माहितीला पोषक नाही. वेयरमानने (1729 पासून) हाउब्राकेनचा मजकूर भरपूर उचलला आणि वर स्वतःची निंदानालस्ती घातली. तेव्हा दोघांत एकच गोष्ट मिळाली तर ते दोन पुरावे धरू नका, एकच धरा. फान गोलची 'निउवे स्खाउबुर्ख' (1750-51) हाउब्राकेन जिथे थांबतो तिथून पुढच्या चित्रकारांसाठी लागते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा काळ त्याने स्वतः पाहिलेला आहे.