पोकळ अक्षरांसोबतचे आठ महिने

गेले आठ महिने मी रेट्रो वळणाचा एक आउटलाइन टाइपफेस पोस्टरे, मुखपृष्ठे आणि फलकांवरील शीर्षकांसाठी वापरत आहे. फुगीर, गोलसर रोमन अक्षरे आणि आतून संपूर्ण पोकळ, असे त्याचे रूप आहे. 'एस' तर पोट सावरत उभा राहिल्यासारखा दिसतो. १९६१ मध्ये लेट्रासेटची घासून उमटवण्याची अक्षरे आली आणि पुढे फोटोटाइपसेटिंगमुळे, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने अक्षरजुळणी करण्याच्या तंत्रामुळे, अक्षरे एकमेकांना खेटून बसवणे सोपे झाले. या टाइपफेसचा तोंडवळा त्याच काळातला आहे.

गंमत अशी की, त्या काळाची ती खेटून बसण्याची सवय मात्र याला मानवत नाही. भरीव अक्षरे एकमेकांवर किंचित चढली तरी खपून जाते, परंतु येथे दोन बाह्यरेषा एकमेकींना छेदतात आणि सांध्यावर जाळी तयार होते. म्हणून अंतर कमी करण्याचा मोह मी सोडून दिला आहे. 'ए' आणि 'व्ही' या जोडीचे कर्निंग, म्हणजे दोन अक्षरांमधल्या अंतराची जुळवणी, मुळातच उत्तम असल्याने त्याची फारशी गरजही पडत नाही.

खरी मर्यादा आकाराची आहे. फॉन्ट-संपादकात मोजले असता, अक्षर ज्यात आखतात त्या १००० एककांच्या चौकटीत रेषेची जाडी केवळ २० एकक भरली. म्हणजे १०० पॉइंट आकाराला (पॉइंट हे छपाईतले माप) ती २ पॉइंट दिसते, तर १४ पॉइंटला जेमतेम ०.२८. हा हिशेब आधी केला असता तर एका पत्रकावर गडद निळ्या पार्श्वभूमीत पांढऱ्या अक्षरांत छापलेली कलाकारांची नावे वाचली असती. पडद्यावर सुबक दिसलेल्या रेषा छपाईत शाईने गिळल्या आणि नावांच्या जागी तुटक ठिपके उरले. त्यात छापखान्याचा काहीही दोष नव्हता. आता ६० पॉइंटच्या खाली मी हा टाइपफेस वापरत नाही.

सोबत मिळणारी भरीव जोड-शैली मी सुरुवातीला दुर्लक्षिली होती, ही माझी चूक. छायाचित्रावर केवळ बाह्यरेषा ठेवली की पोकळीतून मागचे चित्र डोकावते आणि शब्द हरवतो. खालच्या लेयरवर तोच मजकूर भरीव शैलीत ठेवला की तो लगेच उठून दिसतो. दोन्ही शैलींची अक्षररुंदी आणि कर्निंग तंतोतंत सारखे असल्याने ते थर अचूक जुळतात. दोन रंगांच्या छपाईत रंग अर्धा मिलिमीटर सरकला, तरी या टाइपफेसला ते उलट शोभून दिसते.

देवनागरी अक्षरे यात नाहीत. मराठी शीर्षकासाठी मी एका भरीव देवनागरी फॉन्टला बाह्यरेषा देऊन पाहिली, तेव्हा प्रत्येक अक्षराची आकृती स्वतंत्रपणे बंद झाल्यामुळे शिरोरेषेवर दोन अक्षरांमध्ये उभी रेघ उमटली. अक्षरांचे आकारांत रूपांतर करून, ते एकत्र जोडून मगच रेषा दिली, तेव्हा शिरोरेषा सलग झाली. मात्र त्यानंतर मजकुरातील एक वेलांटी दुरुस्त करायची निघाली आणि सगळे पहिल्यापासून करावे लागले.