मॅग्नेट किट: चार स्टार, पाचवा होकायंत्राने खाल्ला

भाचीसाठी म्हणून ऑनलाइन मागवलं आणि खरं सांगू का, तीन दिवस मीच खेळतेय. आत दोन पट्टीचुंबक, लोहकीसाची डबी, होकायंत्र, गोटीएवढा गोल चुंबक आणि एक माहितीपुस्तिका. खरी मजा पुस्तिकेत, कारण चुंबक लोखंडाला ओढतो कसा याबद्दल जुन्या लोकांना काय काय वाटायचं ते त्यात आहे आणि बरंचसं घरी करून बघता येतं.

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ थेल्स म्हणायचा चुंबकात जीव असतो. बरं, याचा प्रयोग काय करणार! रोमन कवी ल्युक्रेशियसचं म्हणणं, चुंबकाच्या दगडातून कण निघतात, मधली हवा हाकलतात आणि त्या पोकळीत लोखंड जाऊन पडतं. मी ग्लासभर पाण्यात टाचणी टाकून बाहेरून चुंबक फिरवला, तर टाचणी गुपचूप मागे मागे, मधे हवाच नाही ओ! लसूण चोळला की चुंबक मरतो असंही लोक शेकडो वर्षं मानायचे, म्हणून दोन पाकळ्या ठेचून चोळल्या, चुंबकाला ढिम्म फरक नाही, मला मात्र आईकडून "अगं लसणाचा भाव काय आहे माहितीये का" हे ऐकायला लागलं.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त तर कहर. १६४४ मधे त्याने लिहिलं की स्क्रूसारखे आटे असलेले कण चुंबकातून फिरतात, काही सुलट आट्याचे, काही उलट, आणि जवळ आलेल्या दोन चुंबकांमधली हवा हाकलतात, ती मागे जाऊन त्यांना एकमेकांकडे ढकलते. वेडेपणा वाटतो पण कागदावर कीस टाकून टिचकी मारा, ज्या वळणदार रेघा उमटतात त्या बघून तो असं का म्हणाला ते कळतं.

गोल चुंबक बेस्ट. इंग्रज डॉक्टर गिल्बर्टने १६०० च्या चुंबकावरच्या पुस्तकात अशालाच छोटी पृथ्वी म्हटलंय. टाचणीचा बारीक तुकडा ध्रुवावर ताठ उभा राहतो, विषुववृत्तावर आडवा पडतो. पृथ्वीच चुंबक आहे हे त्याने बरोबर ओळखलं, पण कारण विचारलं तर परत आत्माच, म्हणजे थेल्सच्याच दारात!

आपला कणाद मात्र पुस्तिकेत नाही. त्याच्या वैशेषिक सूत्रांत सुई चुंबकाकडे सरकते ते 'अदृष्टा'मुळे, म्हणजे न दिसणाऱ्या कारणामुळे, असं सांगितलंय, एक ओळ तरी द्यायची.

आता तक्रार. होकायंत्र चुंबकाला चिकटवूनच पॅक केलेलं, त्यामुळे काटा उलटा झाला, उत्तरेचं टोक दक्षिणेकडे! पट्टीचुंबक जवळ फिरवून मीच सरळ केला. आणि कीस काढायच्या आधी चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला, मी नाही घातला, अजून नखाने खरवडतेय.