कॉन्स्टिट्यूशन हिल, जोहान्सबर्ग: आधी तुरुंग, मग कोर्ट

वर्णभेदाचा इतिहास बघायला जोहान्सबर्गला गेलेला माणूस बहुधा ॲपार्थाइड म्युझियम गाठतो. ते चांगलंच आहे. पण १९९४ मध्ये सत्तांतर झाल्यावर देशाने आपल्या ओळखीचं पुढे काय केलं, हे समजून घ्यायचं तर कॉन्स्टिट्यूशन हिलला अर्धा दिवस द्या. जुन्या तुरुंगाच्या आवारातच दक्षिण आफ्रिकेचं संविधान न्यायालय भरतं, आणि दोन्ही एका फेरीत बघून होतात.

टेकडी ब्रामफोंटेन आणि हिलब्रो या शहरभागांच्या मधोमध आहे. नकाशावर पार्क स्टेशन जवळ दिसतं म्हणून पायी निघू नका; टॅक्सी थेट फाटकापर्यंत न्यावी. गाइडसोबतच्या फेरीत एक तासाचा आणि दोन तासांचा असे पर्याय असतील तर दोन तासांचाच घ्या. छोट्या फेरीत जे गाळलं जातं तेच नेमकं बघण्यासारखं असतं.

बरेच जण देखण्या कोर्टापासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. आधी ‘नंबर फोर’ बघा. कृष्णवर्णीय पुरुषांचा हा तुरुंग १९८३ मध्ये बंद झाला. आत डांबलेल्यांपैकी कित्येकांचा गुन्हा एवढाच, की खिशात पासबुक, म्हणजे कृष्णवर्णीयांना कायम जवळ बाळगावा लागणारा ओळख-परवाना, नव्हतं. वर्णानुसार शिधा कसा ठरायचा ते इथे मांडलंय. ते घाईत ओलांडू नका. गोरे, ‘कलर्ड’ (मिश्र वंशाचे) व आशियाई, आणि कृष्णवर्णीय असा क्रम. वर्ण बदलला की ताट बदलायचं, आणि शेवटच्या पंक्तीला मुख्यतः मक्याची लापशी. जेवायच्या जागेलगतच उघड्या संडासांची रांग. अंगझडतीच्या वेळी कैद्यांना नागवं नाचवायचे, त्याला ‘ताउझा’ म्हणत. छायाचित्रकार बॉब गोसानी यांनी १९५४ मध्ये शेजारच्या परिचारिका वसतिगृहाच्या गच्चीवरून त्याचा फोटो काढला, म्हणून ते जगाला कळलं. अंधारकोठड्या शेवटी ठेवा.

गांधीजींवरचा भाग आपल्याकडचे लोक भक्तिभावाने बघतात. बघावाच, पण एक गोष्ट ध्यानात ठेवून. १९०८ साली इथे आल्यावर भारतीय कैद्यांना ‘नेटिव्ह’, म्हणजे कृष्णवर्णीय, कैद्यांच्या पंगतीत बसवल्याबद्दल त्यांनी नाराजी लिहून ठेवली होती. ओळखीची उतरंड सोसणाऱ्यांच्या मनातही ती कशी भिनलेली असते, याचा याहून स्पष्ट दाखला शोधावा लागणार नाही.

एकोणिसाव्या शतकाअखेरचे बोअर राष्ट्राध्यक्ष क्रुगर यांच्या काळातला जुना किल्ला झटपट उरकला तरी चालेल. गोऱ्या पुरुष कैद्यांच्या या भागात मंडेलांना १९६२ साली इस्पितळाच्या खोलीत ठेवलं होतं, तेवढी जागा बघून घ्या. महिला तुरुंगाला मात्र वेगळा वेळ ठेवा. विनी मंडेला आणि वर्णभेदविरोधी कार्यकर्त्या फातिमा मीर इथे कैदेत होत्या.

आता कोर्ट. कच्च्या कैद्यांची बराक पाडून तिच्या विटा वापरून हे बांधलं, आणि २१ मार्च २००४ रोजी त्याचं उद्घाटन झालं. पाडलेल्या बराकीचे चार जिने मुद्दाम ठेवलेत. दालनात न्यायाधीशांच्या आसनांपुढे गाईची कातडी लावलीय, प्रत्येकीवरचे ठिपके निराळे. त्यांच्या मागे उंचावर आडवी काचपट्टी आहे. ती बाहेरच्या जमिनीच्या पातळीवर असल्याने आत बसलेल्यांना ये-जा करणाऱ्यांचे पाय दिसतात. लोक न्यायाधीशांच्या डोक्यावर, हे इतकं सरळ सांगणारी वास्तू क्वचितच सापडते.

दर्शनी भिंतीवर कोर्टाचं नाव अकरा अधिकृत भाषांत, वेगवेगळ्या रंगांत आहे. मोठ्या लाकडी दारावर हक्कांची कोरीव कलमं आहेत, त्यात सांकेतिक भाषाही. ती कायद्याने बारावी अधिकृत भाषा झाली २०२३ मध्ये. दार पुढे निघालं, सरकार मागून आलं. आत कामकाज मात्र बहुतांशी इंग्रजीतच चालतं. आपल्याला सोयीचं, पण भिंतीवरच्या आश्वासनाशी विसंगत.

जाण्याआधी दोन निकालांचे सारांश वाचून ठेवा. २००४ मध्ये कोर्टाने रूढी कायद्यातला ज्येष्ठ पुरुषालाच वारसा देणारा नियम रद्द केला. २००८ मध्ये वालोयी या पारंपरिक आफ्रिकी समाजाला स्त्रीला प्रमुखपदी बसवण्याची मुभा दिली. परंपरा कुणाची, आणि ती बदलण्याचा हक्क कुणाला, हा वाद या दालनात प्रत्यक्ष लढला गेलाय हे कळलं की ती कातडी नुसती सजावट वाटत नाही.

उणीव एकच, पण मोठी. मांडणीचा सगळा भर तुरुंगावर आहे, १९९४ नंतरचे तंटे त्रोटक. भिंतीपलीकडच्या हिलब्रोत इतर आफ्रिकी देशांतून आलेले असंख्य लोक राहतात. २००८ मध्ये परकीयांवरच्या हल्ल्यांत देशभर साठहून अधिक माणसं मेली. पासबुकं गेली, ‘कागद दाखव’ काही गेलं नाही. गाइडला हे आवर्जून विचारा. दोन तासांतला सगळ्यात कामाचा भाग तोच ठरू शकतो.

सुनावणी बघायची असेल तर तारखा जुळवा. कोर्टाची सत्रं चार: १५ फेब्रुवारी ते ३१ मार्च, मे महिना, १५ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर, आणि नोव्हेंबर. कामकाज साधारण सकाळी दहाला सुरू होतं आणि प्रेक्षकांना बसू देतात. त्या दिवशी सकाळी कोर्ट आणि दुपारी तुरुंग, असा क्रम उलटा करावा लागेल. सत्राबाहेर गेलात तर दालन रिकामं असतं, पण कातडी आणि काचपट्टी जवळून बघता येते.