एकच डच सिम, चार देश आणि शेवटी स्वित्झर्लंड

आई-बाबांना घेऊन ॲमस्टरडॅम, ब्रसेल्स, कोलोन, स्ट्रासबर्ग आणि शेवटी स्वित्झर्लंडमधलं बासेल असा प्रवास रेल्वेने केला. तिघांच्याही फोनमध्ये डच प्रीपेड सिम होतं. बासेल सोडलं तर या सिमला मी मनापासून पूर्ण गुण देईन.

नेदरलँड्समध्येच सिम घेतलं, कारण तिथे प्रीपेडसाठी नोंदणी करावी लागत नाही. शहरातल्या सुपरमार्केटातून पाकीट घ्यायचं, सिम घालायचं, रिचार्ज मारायचा आणि बोलायला लागायचं. जर्मनीत १ जुलै २०१७ पासून ओळखपत्राची पडताळणी सक्तीची आहे, बेल्जियममध्येही ओळख द्यावी लागते. म्हाताऱ्या माणसांसोबत असताना ही यातायात वाचते ते फार बरं. भारतातली सिमकार्डं दुसऱ्या खाचेत चालू ठेवली होती, त्यामुळे बँकेचे ओटीपीही येत राहिले.

१५ जून २०१७ पासून युरोपीय संघात रोमिंगसाठी वेगळे पैसे पडत नाहीत. २०२२ साली हा नियम आणखी दहा वर्षांसाठी, म्हणजे २०३२ पर्यंत वाढवला गेला. नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइनही त्यात येतात. मात्र फोनमधलं 'डेटा रोमिंग' चालू करायला हवं. ते बंद असेल तर सीमा ओलांडताच नेट जातं आणि सिम बिघडलं असं वाटतं. जर्मनीतल्या केलहून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ट्रामने जाताना ऱ्हाइनच्या पुलावर फोनने जर्मन नेटवर्क सोडून फ्रेंच पकडलं, आणि आईचा व्हिडिओ कॉल चालूच राहिला. तिला हे सांगितलं तेव्हा ती पुलावरून मागे वळून पाहत राहिली. तिचा तो आनंद बघून मला केवढं समाधान वाटलं!

डेटाची एक गोष्ट नीट वाचून घ्या. पॅकमध्ये सिमच्या मूळ देशात मिळणारा सगळा डेटा बाहेरच्या देशांत मिळेलच असं नाही. कंपनी रोमिंगसाठी त्याहून कमी मर्यादा ठेवू शकते. तो आकडा पॅकच्या माहितीत असतो, घेण्याआधी पाहावा. तसंच युरोपात राहणाऱ्या कुणी स्वस्त पडतं म्हणून शेजारच्या देशाचं सिम कायमचं वापरायचं ठरवलं, तर कंपनी चार महिन्यांचा वापर तपासून जादा आकार लावू शकते. आपल्यासारख्या पर्यटकाला त्याची चिंता नाही.

कॉलचा हिशेब मला सर्वांत विचित्र वाटला. ॲमस्टरडॅममध्ये बसून डच सिमवरून स्ट्रासबर्गच्या हॉटेलला फोन केला तर तो आंतरराष्ट्रीय कॉल धरतात. त्याला मिनिटाला कमाल १९ सेंट अधिक कर अशी मर्यादा आहे. तोच फोन ब्रसेल्समधून केला की तो रोमिंगमध्ये मोडतो आणि नेदरलँड्समधल्या दराने लागतो. म्हणून हॉटेलांना करायचे फोन आम्ही बेल्जियमपर्यंत मागे ठेवले.

आता बासेल. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे रोमिंगचा हा नियम तिथे लागू होत नाही. आमच्या पॅकमध्येही तो देश नव्हता, आणि तिथल्या डेटाचा दर मेगाबाइटवर होता. शिवाय फोन सीमेची वाट बघत नाही: जर्मनीतल्या वाइल आम राइनलाच स्विस टॉवरची रेंज मिळू शकते. बासेलचं 'बाडिशर बानहोफ' जर्मन रेल्वेचं असलं तरी स्विस भूमीवर आहे, हेही ध्यानात असू द्या. त्याआधीच तिन्ही फोनांचं डेटा रोमिंग बंद केलं, नकाशे उतरवून ठेवले होते आणि माझ्या फोनवर स्वित्झर्लंडपुरतं वेगळं ई-सिम घेतलं. त्याचा हॉटस्पॉट आई-बाबांना पुरला. असली बरीच ई-सिमं फक्त डेटाची असतात, त्यांवर फोन नंबर मिळत नाही. पण तेवढ्यापुरतं चालून गेलं.

पुढे लंडन जोडणार असाल, तर ब्रेक्झिटनंतर तिथेही ही सवलत कायद्याने बांधलेली नाही. काही कंपन्या स्वतःहून देतात, काही देत नाहीत. सिम घेतानाच देशांची यादी बघून घ्या.