पायात रॉड असतानाच पोराला डर्ट बाइकवर बसवायचं, की आधी रॉड काढायचा?

मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पोरगं आता पळायला लागलंय आणि रोज डोकं खातंय की "बाबा, गाडी कधी?", इथे येऊन बहुतेक पालक अडकतात. रस्ते दोनच, एकतर रॉड आत असतानाच चालवू द्यायची नाहीतर तो काढून, थांबून मग.

पण आधी डिस्चार्ज पेपरवर आत नक्की काय टाकलंय ते वाचा, कारण आपण सगळ्यालाच रॉड म्हणतो. साधारण ५ ते ११ वर्षांच्या, ५० किलोच्या आतल्या मुलाला बहुतेकदा दोन बारीक लवचिक टायटॅनियमच्या सळया घालतात, डॉक्टर त्याला टेन्स म्हणतात. हाडाचे तुकडे जास्त झाले असतील तर प्लेट आणि स्क्रू. अजून मोठ्या मुलाला एकच जाड नेल, वरखाली स्क्रूने लॉक केलेला. उत्तर तिघांचं वेगळं येतं.

टेन्सबद्दल माझं मत सरळ आहे, काढा आणि मग चालवा. मांडीच्या हाडात या सळया गुडघ्याच्या जरा वरून, आतून एक आणि बाहेरून एक अशा घालतात आणि त्यांची टोकं हाडाच्या बाहेर थोडी ठेवलेली असतात, नंतर पकडून ओढता यावीत म्हणून. बारीक पोराच्या गुडघ्यापाशी ती कातडीखाली हाताला लागतात. आता डर्ट बाइकवर काय करतो आपण, तर उभं राहून गुडघ्यांनी गाडी आवळून धरतो, म्हणजे आतलं टोक बरोबर गाडीवर दाबलं जातं आणि वरून नी ब्रेसचा, म्हणजे गुडघ्याच्या संरक्षक कवचाचा, पट्टा तिथेच घासतो. पोरगं सांगणार नाही, सांगितलं तर गाडी बंद होईल ना! गुडघा बाहेर काढून चालवायला लागलं की समजायचं.

आणि "आत धातू आहे, आता मोडतंय कशाला" हे जे ट्रॅकवर कुणीतरी काका ठामपणे सांगतात ते डोक्यातून काढा. हाड जुळेपर्यंत धरून ठेवणं एवढंच त्या सळयांचं काम. परत जोरात पडला तर हाड मोडतं आणि सळया आतच वाकतात, मग वाकलेली सळई बाहेर काढणं हे सर्जनला वेगळंच काम होऊन बसतं.

प्लेटचं गणित अवघड आहे. प्लेट असलेला भाग ताठ आणि ती जिथे संपते तिथून पुढे साधं हाड, त्यामुळे ताण नेमका त्या टोकाशी येतो. मोटोजीपी या जागतिक बाइक रेसिंगमधल्या मोठ्या रायडर्सचं बघा, हॉर्हे लोरेन्झोने २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या आसेन ट्रॅकवर कॉलरबोन मोडल्यावर प्लेट बसवून दोन दिवसांत रेस मारली, पाचवा आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण लगेच पुढे जर्मनीच्या साक्सनरिंग ट्रॅकवर पडला आणि प्लेट वाकली, परत ऑपरेशन. मार्क मार्केझची २०२० मधली दंडातली प्लेट तर घरी खिडकी उघडताना गेली आणि त्या हाताची एकूण चार ऑपरेशनं झाली. हात आणि पाय वेगळे, मान्य, पण घाईची किंमत कळते.

मग प्लेट काढूनच टाकावी तर काढल्यावर स्क्रूंच्या भोकांची ओळच मागे राहते आणि ती भरेपर्यंत हाड तिथेच कमजोर असतं. टेन्स काढल्यावर असं फार नसतं, दोनच भोकं, पण प्लेट काढली तर काही महिने जंप बंद असंच धरून चाला. आणि जास्त लांबवूनही चालत नाही, मुलांचं हाड प्लेटवरून वाढत जातं आणि मग ती छिन्नीने मोकळी करायची वेळ येते.

जाड नेल मात्र जवळजवळ पूर्ण हाडभर असतो, म्हणून १५-१६ वर्षांच्या पोराचं हाड पक्कं जुळलं असेल आणि सर्जन हो म्हणत असेल तर तो आत ठेवून चालवणं मला पटतं. नुसता नेल काढायला सीझन घालवू नका.

पक्कं जुळलं म्हणजे दोन बाजूंच्या एक्स-रेत हाडाच्या चारपैकी निदान तीन कडा भरलेल्या दिसायला हव्यात. नुसतं दुखत नाही हा पुरावा नाही. शिवाय मोडलेला पाय लहान मुलांत कधी कधी सेंटीमीटरभर जास्त वाढतो, तेही मोजून घ्या.

वेळेचं म्हणाल तर टेन्स बहुतेक ६ ते १२ महिन्यांत काढतात, तेव्हा तारीख मे-जूनमध्ये बसतेय का बघा, शाळेला सुट्टी असते आणि नंतर पावसात आपल्याकडचे मातीचे ट्रॅक तसेही चिखल असतात, सीझन वाया जात नाही. दुसऱ्यांदा भूल द्यावी लागते हा एक तोटा आहेच, तो मोजूनच सांगतोय. मधल्या काळात कार्टिंग चालेल का असं बरेच जण विचारतात, जंप नाही हे खरं, पण पाय पुढे पसरलेले असतात आणि समोरून धडक बसली की धक्का पायांतूनच वर येतो, त्यामुळे तेही डॉक्टरला विचारूनच.

आणि विचारताना "खेळला तर चालेल का" असं विचारू नका, ते क्रिकेट समजून हो म्हणतात. पोराचाच टेबलटॉपवरून, म्हणजे सपाट माथ्याच्या मातीच्या उंचवट्यावरून, उडी मारून उतरतानाचा व्हिडिओ मोबाइलवर दाखवा आणि मग विचारा, हे कधी?