‘रोबोटिक’ सांगून साधाच गुडघा गळ्यात मारला

मांडीतून पाय कापावा लागलेलं माणूस ज्यांच्या घरी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

अपघातात धाकट्या भावाचा उजवा पाय गेला. पुण्यातल्याच एका दुकानवजा क्लिनिकमध्ये त्याला ‘रोबोटिक गुडघा’ दाखवला. चकचकीत काळं कव्हर, निळा दिवा, मोबाइलवर ॲप. “दादा, मोटर पाय उचलते, तुम्ही फक्त चाला.” भावजयीचे दागिने मोडून, पतपेढीचं कर्ज काढून पैसे भरले. पक्कं बिल मागितलं, तर हातात कागद आला : ‘कृत्रिम पाय, १ नग’. ना कंपनी, ना मॉडेल, ना सिरीयल नंबर.

खरा मायक्रोप्रोसेसर गुडघा, म्हणजे आत छोटा संगणक असलेला गुडघा, कसा असतो ते आम्हाला नंतर कळलं. ऑटोबॉक या जर्मन कंपनीचा सी-लेग १९९७ मध्ये आला. त्यातले सेन्सर गुडघ्याचा कोन आणि पायावरचा भार सेकंदाला ५० वेळा मोजायचे आणि त्यानुसार आतलं हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा, घट्ट-सैल व्हायचं. ठेच लागली, जिना उतरताना वजन पडलं, तरी असा गुडघा एकदम दुमडत नाही, माणसाला सावरायला वेळ देतो. आणि यातले बहुतेक गुडघे पाय उचलत नाहीतच! मोटरचे गुडघे वेगळे असतात, मोजके आणि फार महाग.

भावाचा गुडघा घरच्याच जिन्यात दुमडला, कपाळ फुटलं. त्याआधी गावी जाताना चार्जर राहून गेला होता. दिवा विझला, पण चालण्यात काडीचा फरक नाही. खऱ्याची बॅटरी संपली की गुडघ्याची वागणूक बदलते, ते लगेच जाणवतं. शेवटी फिजिओथेरपिस्टनं कव्हर काढायला लावलं. आत साधा यांत्रिक गुडघा, वर चिकटवलेली दिव्याची डबी.

सगळ्यात जास्त संताप सॉकेटचा येतो, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या खोबणीचा. शस्त्रक्रियेनंतर काही महिने स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पायाचा भाग, आकसत राहतो, म्हणून आधी तात्पुरतं सॉकेट घालून चालवून बघायचं असतं. यांनी एकदाच माप घेतलं. जखमा झाल्या, त्या अजून भरताहेत.

पुण्यात वानवडीचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून आहे. ते सैन्याचं असलं तरी तिथे नागरिकांनाही पाय बसवून देतात. कुठेही गेलात तरी प्रोस्थेटिस्टचा (कृत्रिम पाय बसवणाऱ्या तज्ज्ञाचा) भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, सिरीयल नंबर थेट कंपनीकडून पडताळून घ्या आणि चालून बघितल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

आम्ही ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. तुमच्या बाबतीतही असं घडलं असेल तर पावत्या, मेसेज जपून ठेवा, तो गुडघा त्यांना परत देऊ नका आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.